बकरी नसलेला तुकडा

पहिल्या तुकड्यात त्रेसष्ट झुडपं होती, दुसऱ्यात साठ, तिसऱ्यात सत्तावन्न, चौथ्यात पंचावन्न आणि पाचव्यात अठ्ठावन्न. एकूण दोनशे त्र्याण्णव. गुडघ्यापेक्षा उंच असेल तेच झुडूप धरायचं, असं धाकटीनं ठरवलं होतं. गुडघा कोणाचा यावर अर्धा तास वाद झाल्यावर तिनं वहीत 'पन्नास सेंटिमीटर' असं लिहून विषय मिटवला. प्रत्येक तुकडा सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, चारी बाजूंनी जाळी. पहिल्या चार तुकड्यांत एकेक बकरी. पाचव्यात काही नाही.

याखेरीज उतारावर पाच दगडी बांध होते, मागच्या दारावर चिकटवलेली एक नोटीस होती, आणि आपलीच बकरी योग्य आहे अशी खात्री असलेले चार नातेवाईक होते.

नोटीस अग्निशमन खात्याची. गेल्या उन्हाळ्यात उताराला लागलेली आग मागच्या भिंतीपासून चार मीटरवर येऊन थांबली होती. वारा फिरला म्हणून थांबली. पण नंतर घरातल्या प्रत्येकानं त्याचं श्रेय थोडं थोडं वाटून घेतलं. खात्यानं श्रेय न घेता कागद पाठवला. मागच्या भिंतीपासून तीस मीटरपर्यंत एकही झुडूप दिसता कामा नये, मुदत चाळीस दिवस, नाहीतर घर राहण्यास अयोग्य ठरवून कुलूप लावण्यात येईल.

कुलूप लागलं की वडील, अण्णा, थोरल्या लेकीकडे जाणार, शहरात, तिसऱ्या मजल्यावर. हे कोणी ठरवलं नव्हतं. थोरलीनं फक्त एका खोलीला रंग दिला होता, खाटेच्या कडेला धरायला दांडी बसवली होती आणि न्हाणीघरात न घसरणारी चटई टाकली होती. अण्णा त्र्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर गवंडीकाम केलेलं. उतारावरचे पाचही बांध त्यांनी स्वतः, सिमेंटचा कण न वापरता, दगडावर दगड बसवून रचलेले. खोलीबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, "खिडकीतून काय दिसतं?"

"समोरची इमारत," थोरली म्हणाली. "चांगली आहे. नवीन आहे."

झाडी काढायला मशीन आणावं तर ते बांधांवरून चढत नव्हतं. मजूर दोन दिवस आले. तिसऱ्या दिवशी काट्यांच्या भीतीनं सगळ्यांना एकाच वेळी ताप आला. शिवाय जळालेली असो की कापलेली, ही झाडी चार महिन्यांत दुप्पट जोमानं फुटते, हे आगीनंतर आणि आधीच्या दोन छाटण्यांत कळलं होतं. म्हणून बकऱ्या. बकऱ्या आणायच्या यावर सगळ्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि ते सुमारे दहा मिनिटं टिकलं.

जावई, म्हणजे थोरलीचा नवरा, टायरचं दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर जगातल्या कुठल्याही विषयात पारंगत होतो. त्याचं मत बोअरला. जाड मानेची, सत्तर किलोची बकरी. "वजन असलं की झाडी वाकते, वाकली की तोंडाशी येते," असं तो सांगायचा, जणू त्यानं स्वतः ते करून पाहिलंय. मधला भाऊ दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो. त्याला सानेन हवी होती, पांढरी, दुधाळ. आत्या, अण्णांची मोठी बहीण, दोन घरं पलीकडे राहते आणि शिवणकाम करते. तिला अंगोरा हवी होती, कारण झाडी गेली तर गेली, लोकर तरी येईल. धाकटी माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि अण्णांबरोबर राहते. तिची निवड पिग्मी. गुडघ्याएवढी बकरी, झुडपाखाली घुसून खाते.

मजुरांचे दिवस धरून पाच दिवस भांडण्यात गेले. मग धाकटीनं चाचणी सुचवली. ओळखीच्यांकडून प्रत्येक जातीची एक बकरी आणायची, नऊ दिवस ठेवायची, आधी आणि नंतर झुडपं मोजायची. ज्याची निम्म्याहून जास्त पानं गेली ते झुडूप संपलं असं धरायचं. परीक्षक ती स्वतः; स्पर्धकही ती स्वतः. हे मधल्यानं दाखवून दिल्यावर ती म्हणाली, "दादा, आकडे कोणाची बाजू घेत नाहीत." कोणती बकरी कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या दोनदा टाकाव्या लागल्या, कारण पहिल्या वेळी त्या 'नीट हलवल्या गेल्या नव्हत्या'. दुसऱ्या वेळी तिच्या बकरीला सगळ्यांत कमी झुडपांचा तुकडा मिळाला.

"पाचव्यात कोणती बकरी?" जावयानं विचारलं होतं.

"कोणतीच नाही."

"मग जाळी कशाला?"

"बकरी आत जाऊ नये म्हणून."

"जिथे बकरी ठेवायचीच नाही, तिथे बकरी जाऊ नये म्हणून जाळी?"

"हो, भाऊजी. बकरी नसताना काय होतं ते कळायला नको?"

"काय होतं?"

"काही नाही."

"एवढं शिकायला हिची चार वर्षं गेली," मधला आत्याला म्हणाला.

पाचवा तुकडा मोठ्या खडकाच्या पलीकडे होता, घरातून न दिसणारा. धाकटी रोज साडेपाचला कामावरून आली की वही घेऊन पहिले चार तुकडे बघायची. पाचवा मोजायचा तो फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. जिथे काही होणार नाही तिथे रोज काय बघायचं?

नववा दिवस रविवार होता. दुपारी चार वाजता सगळे उतारावर जमले. थोरली आणि जावई चाचणी सुरू झाल्यापासून इथेच मुक्कामाला होते, 'अण्णांच्या गुडघ्याकडे बघायला'. अण्णा पहिल्या बांधावर बसले होते, काठी दोन पायांत धरून.

बोअरनं त्रेसष्टपैकी आठ झुडपं संपवली होती. शिवाय बांधावर चढून चौदा दगड खाली पाडले होते.

"दगड आधीचेच सैल असतील," जावई म्हणाला, ज्यांनी ते दगड बसवले होते त्यांच्यासमोर. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. जावई मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागला.

सानेननं साठपैकी तीन. उरलेला वेळ ती जाळीच्या दाराशी मधल्याची वाट बघत उभी असायची. कासेवर काट्यांचे ओरखडे होते. अंगोरानं सत्तावन्नपैकी शून्य. ती दोनदा लोकरीसकट काट्यांत अडकली होती आणि दोन्ही वेळा आत्यानं तिला कापड कापायच्या कात्रीनं सोडवली होती. आता तिची एक बाजू अर्धवट उसवलेल्या स्वेटरसारखी दिसत होती.

"ती अजून रुळायची आहे," आत्या म्हणाली.

पिग्मीनं पंचावन्नपैकी नऊ. नव्वद सेंटिमीटरपर्यंत सगळं पान साफ. त्याच्या वर झाडी जशीच्या तशी.

"छत्र्यांचा कारखाना काढलाय हिनं," मधला म्हणाला.

"तरी पहिला नंबर," धाकटी वहीतून मान न काढता म्हणाली. मग तिनं पहिल्या दिवशीसारखी वजनं घेतली. त्यासाठी मधल्याच्या गाडीतला दुधाचे कॅन तोलायचा वजनकाटा होता. बोअर तीन किलोनं वाढली होती, सानेन दोन, पिग्मी एक. अंगोरानं नऊ दिवसांत एकही झुडूप न खाता अडीच किलो कमावले होते.

"हवेवर?" मधल्यानं विचारलं.

"इथली हवा मानवते तिला."

धाकटीनं अंगोराच्या दाढीतून बोटं फिरवली आणि तळहात पुढे केला. "आत्या, हे काय आहे?"

"कोंडा दिसतोय."

"कुठून आला?"

"वाऱ्यानं," आत्या म्हणाली. पण इतक्या लोकांसमोर एवढंच पुरेना. "मूठभर दिला गं! काट्यांतून सोडवल्यावर थरथरत होती बिचारी. आणि मला एकटीला काय विचारतेस? तुझ्या या भावाला विचार, सकाळी कामावर जाताना पिशवी घेऊन कुठे वळतो ते."

"दुधाळ जनावराला खुराक लागतोच," मधला म्हणाला. "न देणं हा जुलूम आहे. आणि भाऊजी काय देतात ते बघा ना."

"मी फक्त बिस्किटं दिली," जावई म्हणाला. "बिस्किट म्हणजे काही चारा नव्हे."

"किती?"

"पुडा."

"एक?"

"रोजचा एक."

मग सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. तिनं वही मिटली, परत उघडली. "सफरचंदाची सालं," ती म्हणाली. "थोडी. ती... चौथ्या दिवशी माझ्याकडे बघत होती."

आकड्यांना बाजू घ्यायला लावण्याची सवय घराण्यातच असावी. धाकटीनं पानावर तिरपी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'चाचणी रद्द'. "पाचवा तेवढा मोजून येते," ती म्हणाली आणि खडकामागे गेली.

*

थोरलीनं यातलं काहीच कबूल केलं नाही, कारण तिला कोणी विचारलं नव्हतं.

तिचं औषधांचं दुकान आहे. वीस वर्षं ती लोकांना सांगत आलीय की गोळी वेळेवर आणि मोजून घ्यावी; त्यामुळे तिनं जे केलं तेही वेळेवर आणि मोजून केलं. रोज दुपारी दोनला अण्णांना गुडघ्याची गोळी द्यायची, ते आडवे झाले की दार लोटायचं, गाडीतल्या पोत्यातून कोंडा काढायचा आणि चारही बकऱ्यांना दोन-दोन मापं घालायची. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. बाकीच्यांनी आपापलीच बकरी पोसली; निःपक्षपाती काय ती थोरली एकटी. पोट भरलेली बकरी काट्यांना तोंड लावत नाही, एवढं तिलाही कळत होतं. चाचणी फसली की वाद संपला. वाद संपला की खोली तयार होती.

तिला याची लाज वाटत नव्हती. आई गेली त्या वर्षी अण्णा या उतारावर पाय मुरगळून तीन तास पडून होते. तेव्हा धाकटी कॉलेजात होती, मधला गिऱ्हाइकाकडे, आणि फोन आला तो थोरलीला, नव्वद किलोमीटरवर. तेव्हापासून फोन उशाशी ठेवूनही तिला रात्री झोप लागत नाही. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मधला म्हणाला असता, त्यावर तुझ्याच दुकानात गोळी मिळेल.

सगळे उघडे पडताना बघून तिला जरा बरंच वाटलं. इतक्या चोरांत एक चोर कोण मोजतो?

धाकटी खडकामागून परत आली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"किती?" आत्यानं विचारलं.

"सात."

"सात गेली? बकरी नसताना?"

"सात राहिली."

अण्णा सोडून सगळे खडकामागे गेले. सहा बाय सहाचा तुकडा जवळजवळ मोकळा होता. कडेला सात झुडपं, मनगटाएवढ्या जाड खोडांची. बाकी नुसती जमीन आणि बुडखे.

"कोणाची तरी बकरी सुटून आली असेल," जावई म्हणाला. "बोअर उडी मारते. मी व्हिडिओ बघितलाय."

धाकटी उकिडवी बसली. "बकरीला पुढे वरचे दात नसतात, भाऊजी. ती पाला ओरबाडते, साल सोलते. काडी तोडली तर टोक चिंध्यांसारखं राहतं. हे बघा. तिरपा काप, एका घावाचा. हा कोयता आहे."

"म्हणजे माणूस," मधला म्हणाला. "चोरून गवत कापणारे ऐकलेत. चोरून काटे कापणारा कोण?"

कापलेल्या फांद्या बांधाला लागून रचल्या होत्या. जाड खाली, बारीक वर, सांध्यावर सांधा न येऊ देता, कडा एका रेषेत. फांद्यांचा ढीग असा कोणी रचत नाही. या घरातला गवंडी सोडून जगात आणखी कोणी रचत असेल तर ते या पाच जणांना माहीत नव्हतं. सगळ्यांनी एकदम मागे वळून बघितलं.

*

अण्णांना ते परत येताना दिसले. सर्वांत पुढे थोरली. लहानपणी शाळेतून कमी मार्क आणले की ती अशीच चालायची, आधी आपण रागवायचं म्हणजे समोरच्याला संधी मिळत नाही.

"अण्णा, हे तुम्ही केलंत?"

"हो."

"कधी?"

"दुपारी. दोन ते तीन."

"दोन ते तीन तुम्ही झोपलेले असता!"

"मागच्या खिडकीतून उतरायचो."

"खिडकीतून!" तिचा आवाज चढला. "या गुडघ्यावर? मी स्वतः दार लोटून जात होते. रोज!"

अण्णांनी ठरवलं होतं की हे बोलायचं नाही. नऊ दिवस पाळलं. पण लेकीचा आवाज एवढा चढला की बकऱ्यासुद्धा बघायला लागल्या, आणि ते म्हणून गेले, "दार लोटून तू कुठे जातेस ते खडकावरून दिसतं. पाटी घेऊन चौघींना वाढत होतीस. मला वाटलं, ही वर बघेल. तुला वाटत असेल, हा उठेल. दोघंही जिवाच्या आकांतानं आवाज न करता कामं करत होतो."

मग आत्या हसायला लागली. ती हसताना शिंकल्यासारखी हसते, थांबतच नाही.

"ताई, तू चौघींना?" मधला म्हणाला. "मी उगीच माझ्या पदरचं आणत होतो."

"गाडीतलं पोतं!" जावई म्हणाला. "मला सांगितलंस, वाळू आहे म्हणून."

"तुम्ही गप्प बसा हो." थोरली अण्णांसमोर उभी राहिली. "मी केलं. का केलं ते तुम्हाला माहीत आहे. इथे पडलात तर कोण आहे? आणि कोयता घेऊन! पडला असतात म्हणजे?"

"पडलो ना. तिसऱ्या दिवशी." अण्णांनी बाही वर केली. कोपराला वाळत आलेली खपली होती. "म्हणून चौथ्या दिवशी सुट्टी घेतली. एकूण आठ तास काम झालं."

"हे तुम्ही फुशारकीनं सांगताय?"

"हिशेबानं सांगतोय. ही लिहून घेईल." त्यांनी धाकटीकडे हनुवटी केली.

मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, त्यांनी बाकीचंही सांगितलं. बकऱ्या आणायचं ठरलं तेव्हा सगळे जातीवरून भांडत होते, आणि एकानंही त्यांना विचारलं नाही की तुम्हाला झेपतं का. मग त्यांनी स्वतःलाच विचारायचं ठरवलं. पाचवा तुकडा घेतला, कारण तिथे कोणी बघत नव्हतं. फजिती झाली तर आपल्यापुरती राहिली असती. नऊ दिवसांत तो मोकळा झाला नाही तर कुलपाची वाट न बघता तिसऱ्या मजल्यावर जायचं, मुकाट्यानं.

"आणि सात राहिली," थोरली म्हणाली.

"सात राहिली," अण्णा म्हणाले. "जाड होती."

"मग काय ठरलं तुमचं?"

"तेच कळेना. म्हणून इथे बसलो होतो."

आत्या त्यांच्या शेजारी बांधावर बसली. "लहानपणी भाकरीचा चतकोर उरला तरी संपली म्हणायचास. आज सात झुडपांना अडलास?"

"आक्का, तेव्हा भूक होती."

"आता काय आहे?"

अण्णांनी काठीनं एक खडा बाजूला सारला. धाकटी वहीत लिहीत होती. लिहिणं झाल्यावर तिनं घसा साफ केला. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, आता आकडे येणार.

"एक्कावन्न झुडपं, आठ तास. म्हणजे तासाला साधारण चार चौरस मीटर. घर बावीस मीटर रुंद, पट्टा तीस मीटर, सहाशे साठ. झालेले बत्तीस वजा. उरले सहाशे अठ्ठावीस. एकशे सत्तावन्न तास. दिवस उरलेत सव्वीस. रोज सहा तास आणि दोन मिनिटं."

"मी रोज एकच तास करणार," अण्णा म्हणाले. "जास्त नाही."

"एकही नाही," थोरली म्हणाली.

"म्हणजे सहा अण्णा हवेत," धाकटी म्हणाली.

"या एकाच्या गोळ्या वेळेवर जात नाहीत," आत्या म्हणाली.

मधल्यानं उतारावरच्या माणसांवरून नजर फिरवली. तो मनात मोजतोय हे सगळ्यांना दिसत होतं, कारण त्याचे ओठ हलतात. "आपण सहाच आहोत."

"मला धरू नका," थोरली म्हणाली. "ज्या घरातून त्यांनी निघावं असं मला वाटतं, त्या घरासाठी मी कोयता उचलणार नाही. तुम्ही काय ते करा. मी येईन, गोळ्या देईन, आणि एक तास झाला की घड्याळ दाखवीन."

"मग पाच. एकाला दोन तास करावे लागतील."

सगळ्यांना एकदम आभाळात काहीतरी दिसलं. बकऱ्या रवंथ करत राहिल्या. शेवटी जावई खाकरला.

"मी करतो दोन," तो म्हणाला.

थोरलीनं त्याच्याकडे बघितलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. या नजरेनंतर तो बहुतेक वेळा पाणी आणायला जातो. या वेळी त्यानं फोन खिशात टाकला. "दुकान पोरं बघतील. टायर काय, कुठे पळून जातात?" आणि मग, अगदीच बायकोच्या विरुद्ध गेल्यासारखं वाटू नये म्हणून, "पण बोअर ठेवायची."

"बोअर बांध पाडते, भाऊजी. आणि तुम्ही म्हणता दगड सैल होते," मधला म्हणाला.

"ते मी परत घेतो. पण ताकद..."

"ताकद आता आपण लावणार," धाकटी म्हणाली. "बकरीला उरतं काय? कापलेल्या फांद्यांचा पाला, नाहीतर तोच वाळून पेट घेईल. आणि बुडख्यांचे कोंब. ते फुटणार हातभर उंचीचे. अंगोरा अडकते. सानेनची कास फाटते. पिग्मीचा एकच दोष, उंच पोचत नाही. कापल्यावर उंच काही उरतच नाही."

"म्हणजे शेवटी तुझीच," मधला म्हणाला. "चाचणी रद्द, पण निकाल तोच."

"योगायोग," धाकटी म्हणाली. ती किंचित लाल झाली होती.

आत्यानं अंगोराच्या भादरलेल्या बाजूवरून हात फिरवला. "हिची निम्मी लोकर तरी मला ठेवू द्या," ती म्हणाली, आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही. चाचणीतून सर्वमान्य असं एवढंच निघालं.

*

आठ पिग्मी बकऱ्या आल्या. सव्वीस दिवसांत जावयानं तीन कोयते बोथट केले आणि चौथ्या दिवशी, एकही व्हिडिओ न बघता, धार लावायला शिकला. मधल्यानं पंधरा मिनिटं कमी भरल्याचं धाकटीनं दोनदा पकडलं. आत्यानं उभ्यानं काम करणं जमत नाही म्हणून बसून केलं आणि तरी मधल्याच्या पुढे राहिली. तिरप्या कापाचे बुडखे फुटले, बकऱ्यांनी कोंब खाल्ले, ते परत फुटले, बकऱ्यांनी परत खाल्ले. अण्णांनी पडलेले चौदा दगड जागेवर बसवले. तो वेळ तासात धरायचा की नाही यावर एक संध्याकाळ गेली.

थोरली दर शनिवारी यायची. बांधावर बसून घड्याळ बघायची. "तास झाला, अण्णा." तिनं शब्द पाळला. कशालाही हात लावला नाही.

चाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला अग्निशमन खात्याचा निरीक्षक आला. फार बोलणारा माणूस नव्हता. नोटिशीची प्रत, कागद लावायची पाटी, पेन आणि पन्नास मीटरची टेप. त्यानं टेपचं टोक मधल्याच्या हातात दिलं आणि मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्याला लावायला सांगितलं. पहिल्या झुडपापर्यंत एकतीस मीटर दहा. मध्यावरून तीस मीटर पंचावन्न. मग उजवा कोपरा.

"एकोणतीस मीटर, बासष्ट," निरीक्षक म्हणाला.

पाचव्या बांधाच्या फटीतून एक झुडूप बाहेर आलेलं होतं. मुळं दगडांच्या आत, खोड अंगठ्याएवढं. बकऱ्या तिथे पोचल्या नव्हत्या आणि माणसांनी ते बांधाचाच भाग धरलं होतं.

"हे झुडूप आहे ना?" निरीक्षकानं विचारलं. खोटं बोलायला सगळे तयार होते, पण ऐन वेळी कोणाला काही सुचेना.

"आहे," अण्णा म्हणाले.

"मग मला तसं लिहावं लागेल." त्यानं पेनचं टोपण काढलं.

"थांबा," अण्णा म्हणाले. त्यांनी कोयता उचलला आणि बांधाकडे वळले. बांध कमरेएवढा, झुडूप तळाशी, वाकल्याशिवाय हात पोचेना. त्यांनी एक हात दगडावर टेकला, गुडघा वाकवायला गेले आणि अर्ध्यावर थांबले. खाली जाईना, वर येईना. मधला टेपचं टोक धरून भिंतीपाशी. जावई बकऱ्यांना हाकायला खालच्या अंगाला. धाकटी पुढे झाली, पण थोरली जवळ होती.

तिनं एका हातानं अण्णांचं कोपर धरलं आणि त्यांना सरळ केलं. दुसऱ्या हातानं त्यांच्या मुठीतून कोयता काढून घेतला.

"कसा धरायचा?" तिनं विचारलं.

"तिरपा," अण्णा म्हणाले. "आणि बोटं मागे घे."

ती चांगल्या साडीतच गुडघ्यांवर बसली. पहिला घाव दगडावर बसला. दुसरा सालीवर. तिसऱ्याला खोड अर्धं गेलं, चौथ्याला सुटलं. तिनं ते काट्यांसकट उचललं आणि बांधापलीकडे फेकलं. तळहाताला रक्त आलं होतं; तिनं तो पदरात गुंडाळला आणि निरीक्षकाकडे बघितलं.

"लिहिलंत का?"

"अजून नाही."

"मग परत मोजा."

निरीक्षकानं पेन खिशाला लावलं. मधल्यानं टेप कोपऱ्याला धरली. ती बांधावरून पलीकडे गेली, ताणली गेली, पहिल्या झुडपाच्या बुडाशी थांबली.

तीस मीटर, चौदा सेंटिमीटर.